पाचवं डोकं

आमच्या घरात विजेचं मीटर एक, पाण्याचं मीटर एक आणि भाडेकरू चार. घरमालकीण दोन्ही बिलं दाराच्या फटीतून आत सरकवायची आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हणायची. पुढचं बघण्याचा मक्ता विमेवाल्याने घेतला होता.

विमेवाला म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचा. तपासायचा म्हणजे नाकारायचा. कोणाच्या मोडलेल्या हाडात, कोणाच्या जळालेल्या दुकानात नेमकं कुठलं कलम आडवं येतंय ते हुडकायचं आणि सभ्य भाषेत पत्र पाठवायचं, हे त्याचं काम. संध्याकाळी तोच माणूस तेच डोकं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसायचा. आणि आम्हीही त्याला बसू द्यायचो, कारण फुकटचा हिशेबनीस कोणाला नको असतो.

बाकी आम्ही तिघं. पुढच्या खोलीत गॅरेजमधला मेकॅनिक, जो अंगावरचं ऑइल निघेपर्यंत गरम पाण्याखालून हलत नसे. त्याच्यासमोर बालवाडीची बाई, जी दिवसभर पोरांशी लाडिक बोलून यायची आणि घरात पाऊल टाकलं की आम्हाला सरळ करायला घ्यायची. आणि मी. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. माणसांची तोंडं मी प्लास्टरमध्ये बघते, त्यामुळे ती हलायला लागली की माझा पटकन विश्वास बसत नाही.

पूर्वी बिलाचे सरळ चार भाग व्हायचे. मग बाईच्या मनात आलं की मेकॅनिकच्या आंघोळीचे पैसे आपण भरतोय. मेकॅनिकने बाईच्या खोलीतल्या हीटरचा विषय काढला. दोघांनी मिळून माझ्या इस्त्रीचा. एका बिलावरून घरात आठवडाभर अबोला, आणि दुधाच्या पिशवीवर प्रत्येकाची खूण. अशा वेळी विमेवाला पुढे झाला आणि त्याने फ्रिजवर एक छापील कागद चिकटवला. वर मथळा होता, ‘न्याय्य वाटणी’. खाली सात कलमं. आमच्यासारख्या चार टाळक्यांना राज्यघटना लागते हे मला त्या दिवशी कळलं.

कलमांचा गोषवारा असा, की वाटणी खोलीवर नाही, डोक्यावर. जो राहतो तो एक डोकं. पाहुणा तीन रात्रींपेक्षा जास्त राहिला की तोही डोकं, आणि तेसुद्धा पहिल्या रात्रीपासून धरायचं. ज्याचा पाहुणा त्याने भरायचं. मेकॅनिकने तेव्हा विचारलं होतं, “आणि आई-वडील आले तर?”

विमेवाला चष्मा पुसत म्हणाला, “नात्याने वीज वाचत असेल तर सांगा, तसं कलम घालू.”

आम्ही हसलो. बाईने तर टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या होत्या. हुशार माणूस, बोलतो कसा बघा. आपल्यावर शेकत नाही तोवर दुसऱ्याच्या कोरडेपणाला लोक हुशारीच म्हणतात.

शेकलं ते आधी बाईवर. तिची धाकटी बहीण नोकरीच्या मुलाखतींसाठी आली. बिचारी बारीक आवाजाची, स्वतःचा कप विसळून ठेवणारी मुलगी. चौथ्या सकाळी ती चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली तर फ्रिजवरच्या कागदावर डोक्यांच्या रकान्यात चारचे पाच झालेले, आणि कंसात ‘बहीण’. विमेवाला तिथेच टोस्टला लोणी लावत बसला होता. तिला म्हणाला, “मनावर घेऊ नका, नियम सगळ्यांना सारखा.” मुलीने कप तसाच ठेवला आणि दुपारपर्यंत गाशा गुंडाळला. एक मुलाखत अजून बाकी होती. ती तिने दिलीच नाही. बाईने पैसे विमेवाल्यापुढे टाकले आणि तेव्हापासून त्याच्यावर दात ठेवून होती. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

हे सगळं इतकं सविस्तर सांगितलं, कारण पुढे जे झालं त्याला याखेरीज दुसरं काहीच निमित्त नव्हतं.

थंडी सरता सरता माझ्या भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. टक्, जरा थांबून पुन्हा टक्. कवळी सैल झाली की माणूस घास चावताना ती टाळूवरून सुटते आणि परत बसते, त्याचा हा आवाज. दिवसभर मी तेच ऐकते, तेच दुरुस्त करते. विमेवाल्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, नाकारायच्या कामाला ते लागतातच. म्हणजे भिंतीपलीकडे दुसरं कोणीतरी जेवत होतं, आणि म्हातारं होतं.

कवळीपाठोपाठ खोकला यायला लागला. खोकला म्हणजे मोकळा नव्हे, उशीत तोंड खुपसून काढलेला. आणि त्यानंतर श्वास. छातीत शिट्टी अडकल्यासारखा तो श्वास भिंतीतून यायचा आणि मी हातातलं काम थांबवून बसायची. दुसऱ्याचा दम ऐकत असताना आपल्याला आपला श्वासही मोठा वाटायला लागतो.

सकाळी स्वयंपाकघरात विमेवाला नेहमीसारखाच. एक कप, एक बशी, टोस्ट मात्र चार. दोन खायचा आणि दोन रुमालात गुंडाळून खिशात घालायचा. “ऑफिसात भूक लागते,” असं न विचारता सांगायचा. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या माणसाने दावे तपासावेत, ही त्या कंपनीचीच कमाल.

त्या आठवड्यात मला मध्येच एक दिवस सुट्टी मिळाली. त्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी मुद्दाम खोलीत चूप बसून राहिले. थोड्या वेळाने शेजारचं दार उघडलं. अनवाणी पावलं बाथरूमकडे गेली, परत आली, आणि मग भिंतीपलीकडे एक यंत्र घरघरायला लागलं. दम्याच्या माणसांचं वाफेचं मशीन. आमच्या लॅबच्या मालकांकडे आहे तसलंच. ते बराच वेळ चाललं. बंद झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

नळापाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भांड्यात पाणी भरत होते, पण नळ इतका बारीक सोडलेला की पाण्याची धार भांड्याच्या कडेवरून आवाज न करता उतरावी. घरात कोणी नसतानाही. नाक आणि हनुवटी थेट विमेवाल्याची, पण चेहऱ्यावरचा भाव मात्र त्याला वारशात मिळालेला नव्हता.

मला बघून ते दचकले. “जरा पाणी घ्यायला आलो होतो,” म्हणाले. “लगेच जातो.”

“घ्या की काका. तुम्ही विमेवाल्यांचे वडील ना?”

त्यांनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं. खोटं बोलावं की नाही याचा विचार करत असावेत. मग नळ बंद करून म्हणाले, “तुम्ही शेजारच्या खोलीतल्या ताई. तो सांगत असतो. खूप चांगली माणसं आहेत म्हणतो या घरात.”

त्याने आमच्याबद्दल असं काही म्हटलं असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बापाने स्वतःच रचलं असणार. मी चहा टाकला. ते बसायला तयार नव्हते, खुर्ची ओढल्याचा आवाज नको म्हणून उभेच राहिले. तीन आठवड्यांपूर्वी आले होते. इथल्या मोठ्या इस्पितळात छातीचे डॉक्टर बघतात, महिनाभर तरी ये-जा करावी लागणार. वाफ दिवसातून चार वेळा घ्यायला सांगितली होती.

“मग चार वेळा घेता का?”

“दोनदा होते. तुम्ही सगळे कामाला गेलात की एकदा, आणि परत यायच्या आधी एकदा. बाकीच्या वेळी आवाज होतो ना.” आणि मग मला समजावल्यासारखं, “घराचे नियम त्यानेच केलेत म्हणे. ज्याने नियम केले त्यालाच मोडायला लावायचे, हे काही बरं नाही. सगळे मान देतात त्याला. माझ्यापायी त्याची मान खाली नको.”

“आणि श्वास अडला तर?”

“उठून बसतो. खिडकीपाशी बरं वाटतं,” असं म्हणून त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. “त्याला सांगू नका हं, आपण भेटलो म्हणून.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका डोक्याच्या वाटणीचे पैसे किती होतात ते मला ठाऊक होतं. विमेवाला महिन्याला बूटपॉलिशवर त्याहून जास्त घालवत असेल. पैशांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो स्वतःच्या कागदावर कंसात ‘वडील’ असं स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि ते बाईने वाचायचा. तेवढ्यासाठी बापाचा दम दोन वेळच्या वाफेवर भागवत होता हा माणूस.

तरी मी त्याला एक संधी दिली. त्या संध्याकाळी तो भांडं घासत होता. मी म्हटलं, “मला वाटतं कागदात एक दुरुस्ती करू. आजारी माणूस आला तर त्याला डोकं धरायचं नाही.”

त्याचा हात थांबला. “कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. उद्या कोणी येईल. तुमच्याकडे, माझ्याकडे.”

“उद्याचं उद्या बघू.” त्याने भांडं पुन्हा घासायला घेतलं. “एकदा अपवाद केला की नियमाला काही अर्थ उरत नाही. आमच्याकडे रोज बघतो मी.”

“भिंतीतून खोकल्याचा आवाज येतो हल्ली.”

“रेडिओ असेल,” तो म्हणाला आणि भांडं पुसून कपाटात ठेवलं. पालथं, कडेला कड लावून, जसं नेहमी ठेवायचा तसं.

त्यानंतर मला त्याची कीव यायचीही बंद झाली. आता फक्त बघायचं होतं, हा किती खाली उतरतो.

बाईलाही एव्हाना कुणकुण लागली होती. बाथरूममध्ये तिला एक कंगवा सापडला होता, त्यात पांढरे केस. आणि नवीन बिल फुगलेलं होतं. ती मला म्हणाली, “रविवारी वाटणीला बसू तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार. माझी बहीण रडत गेली होती या घरातून.” मेकॅनिक नुसता मान डोलावत राहिला. म्हातारबुवांच्या चपला त्याने पहिल्याच आठवड्यात बघितल्या होत्या, पण तो मूग गिळून बसला होता. भांडणात पडलं की लोक आपल्या आंघोळीवर येतात, हे त्याला पक्कं ठाऊक.

रविवारी नाश्ता झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो. विमेवाला बिलं, फ्रिजवरून काढलेला कागद, पट्टी आणि पेन घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, रविवार असूनही. त्याने बिल सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आणि सुरुवात केली, “या वेळी वापर जरा वाढलेला दिसतोय. गीझरबद्दल मी मागेच बोललो होतो.” मेकॅनिकने मान खाली घातली. काय बेशरम धिटाई म्हणायची ही. स्वतःच्या खोलीतला माणूस मेकॅनिकच्या आंघोळीत खपवायला निघाला होता.

“त्याआधी डोकी मोजू,” बाई म्हणाली.

“चार.”

“नीट मोजा.”

“चारच आहेत.” त्याने एकेकाकडे पेन दाखवलं. “तुम्ही, हे, या आणि मी.”

“आणि तुमच्या खोलीत?”

“माझ्या खोलीत मी.”

बाई उठली नाही की आवाजही चढवला नाही. तिने नुसती हाताची घडी घातली आणि वाट बघत बसली. पोरांकडून कबुली काढायची तिची हीच पद्धत असावी. आणि त्या शांततेत बंद दारामागून तो श्वास ऐकू आला. आत ओढताना शिट्टी, बाहेर सोडताना शिट्टी. सकाळची वाफ झालेली नव्हती. कशी होणार, रविवार म्हणजे आम्ही सगळे घरात. श्वास वाढत गेला, मग खोकला, आणि या वेळी उशी पुरली नाही.

विमेवाल्याने बिलावरची नजर उचलली नाही. त्याचा कान मात्र लालभडक झाला होता.

मग दार आतूनच उघडलं. म्हातारे बाहेर आले. गळ्यापर्यंत बटणं, पायात चपला, हातात कापडी पिशवी. दारात उभं राहून त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मुलाने पाहिलं नाही. तो बाईला म्हणाला, “हे ओळखीचे आहेत. आमच्या घराजवळ राहतात. आज सकाळीच आलेत आणि लगेच निघणार आहेत. तीन रात्रींचा प्रश्नच येत नाही.”

मला वाटलं, आता तरी म्हातारा एक ठेवून देईल. निदान ‘अरे’ तरी म्हणेल. माझ्या हाताला तर कधीची खाज सुटली होती.

म्हाताऱ्यांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले. “बरोबर आहे,” ते म्हणाले. मध्येच थांबून त्यांनी श्वास गोळा केला. “यांच्या वडिलांनी पाठवलं होतं मला. निरोप द्यायला.”

बाईने महिनोन्‌महिने जपलेलं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. तरी तिने विचारलं, आणि आवाज तिचा राहिला नव्हता, “काय निरोप?”

“काही विशेष नाही.” त्यांनी मुलाकडे वळून सांगितलं, परक्याच्या मुलाला सांगावं तसं, अदबीने. “जेवण वेळेवर करत जा म्हणाले. आणि त्यांची काळजी करू नका. बरे आहेत ते आता.”

मेकॅनिक खिडकीबाहेर बघायला लागला. बाईचे डोळे भरले आणि त्याचा तिला राग आला, तिने ओढणीने ते खसकन पुसले. विमेवाल्याने मान हलवली. “सांगतो म्हणावं,” असं काहीतरी पुटपुटला. सांगतो म्हणे. कोणाला सांगणार होता?

म्हातारे दरवाजाकडे निघाले. मधली जागा ती काय, पण त्यांनी फ्रिजला धरलं, मग भिंतीला. ओठांचा रंग गेला होता. पिशवी त्यांच्या हातातून मी घेतली. उघडून बघितलं तर मशीन वरच होतं, नळी नीट गुंडाळलेली. त्यांना हाताला धरून मी माझ्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं, इस्त्रीच्या सॉकेटमध्ये वायर खुपसली. औषध त्यांनी स्वतःच ओतलं, एक थेंब न सांडता. मी मास्क चढवला आणि बटण दाबलं. तीन आठवडे भिंतीपलीकडे लपून चाललेली घरघर पहिल्यांदा उघड्या दारातून सगळ्या घरभर गेली.

मग मी दारात उभी राहिले आणि विमेवाल्याला म्हटलं, “लिहा. पाचवं डोकं, माझ्या नावावर. हे आजपासून माझे पाहुणे. चार वेळा वाफ घेणार आहेत, आणि दार उघडं टाकून.”

मला काय हवं होतं ते मी आजही सांगू शकते. त्याने कागद फाडावा. टेबल उलटं करावं. मला दोन शब्द सुनवावेत, माझ्या आणि वडिलांच्या मध्ये तुम्ही पडू नका म्हणावं. ते ऐकायला मी आनंदाने खाली मान घातली असती. बाईसुद्धा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत आता सूड नव्हता. तीही तेच मागत होती.

विमेवाल्याने पेन उचललं. डोक्यांच्या रकान्यातले चार खोडले, पाच केले. माझं नाव शोधून त्यापुढे कंस काढला. कंसात लिहिलं, ‘पाहुणे’. छान गोल अक्षर आहे त्याचं. मग त्याने वर बघितलं, आणि देवाशपथ सांगते, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं.

“किती रात्री धरू?” त्याने विचारलं.

मागून हालचाल झाली म्हणून मी वळले, तर म्हाताऱ्यांनी मास्क तोंडावरून बाजूला केला होता. वाफ त्यांच्या हनुवटीवरून वर जात होती. श्वास आता जरा सैल झाला होता आणि डोळ्यांत, मला खोटं वाटेल इतकं कौतुक.

“चोख आहे तो,” ते हळूच मला म्हणाले. “लहानपणापासून. कोणाचं एक पैशाचं देणं ठेवत नाही.”

मी मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला आणि इलॅस्टिक कानामागे घट्ट ओढलं. त्यापुढचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.